राहिलेली ओळ

मागच्या जुलैमधली गोष्ट. ठाण्याहून पुण्याला निघाले होते. खिडकीची जागा मिळाली होती आणि कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागली होती. काचेवर बाहेरून पाऊस, आतून आमच्या श्वासांची वाफ, डब्यात ओल्या छत्र्यांचा आणि कर्जतच्या वड्यांचा एकत्र वास. कानात हेडफोन होते. कितीतरी दिवस ऐकायचं म्हणून ठेवलेलं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. न्यूयॉर्कचा टाउन हॉल, १६ फेब्रुवारी १९५१. गायिका लोट्टे लेमान. गाणं शुबर्टचं 'आन दी म्युझीक', म्हणजे 'संगीतास'. दोनच कडव्यांचं, जेमतेम तीन मिनिटांचं. दुसरं कडवं संपत आलं, शेवटची ओळ सुरू झाली आणि मध्येच तिचा आवाज नाहीसा झाला. नेमका तेव्हा बोगदा आला होता. मला वाटलं, रेंज गेली.

पण पियानो वाजत होता.

रेंज गेली असती तर पियानोही गेला असता. मी गाणं थोडं मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले तेव्हा त्या रिकाम्या जागेत काहीतरी हललं. स्वर व्हायला निघालेला आणि होऊ न शकलेला श्वास. ती रडत होती. त्रेसष्टाव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले होते तिच्या, समोर दीड हजारांचं सभागृह भरलेलं होतं, आणि ज्या ओळीत संगीताचे आभार मानायचे त्या ओळीचे शेवटचे शब्द तिच्या तोंडून निघेनात. पियानोवर पॉल उलानोव्स्की. कित्येक वर्षं तिची साथ केलेला, व्हिएन्नातच जन्मलेला माणूस. त्याने ना लय रोखून धरली, ना ती येईल म्हणून रेंगाळला, ना घाईने संपवून टाकलं. शुबर्टने लिहिलं होतं तसं शेवटपर्यंत वाजवलं आणि हात उचलले. लोणावळा आलं, माणसं चिक्की घ्यायला उतरली, परत चढली. मी तशीच बसून होते. अशा एका रिकाम्या जागेपाशी मीही एकदा बसलेली होते, आणि तेव्हा मी त्या उलानोव्स्कीसारखं वागले नव्हते. पुण्याला उतरेपर्यंत तेच डोक्यात होतं, नंतर कित्येक आठवडे तेच राहिलं.

त्या मैफलीचं अख्खं मुद्रण मिळतं. गाणी चालू असताना मध्येच थांबून ती श्रोत्यांशी बोलते. हा माझा निरोपाचा कार्यक्रम आहे, असं सांगते. लोकांना आधी कल्पना नव्हती. 'नाही, नाही' असा एकच गलका उठतो. तो ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मग ती त्यांना समजावते. तिच्या सगळ्यात गाजलेल्या भूमिकेची, एका ऑपेरातल्या मार्शालिनची, आठवण काढते, की ती शहाणी बाई आरशात बघते आणि वेळ झाली हे ओळखते, तसं मीही आरशात बघितलंय. हे सगळं ती इंग्रजीत बोलते. जर्मन वळणाची इंग्रजी, शब्द जरा जपून टाकलेले, तरी आवाज खणखणीत. बोलताना ती एकदाही कोलमडत नाही. कोलमडते ती नंतर, गाताना, जर्मनमध्ये. मी यावर फार विचार केला आहे. उशिरा शिकलेल्या भाषेत माणूस स्वतःला सांभाळू शकतो. ती भाषा अंगावर घातलेल्या कोटासारखी असते, गुंड्या लावून नीट उभं राहता येतं. आईच्या भाषेत तसं काही जमत नाही.

आमच्या गाण्याच्या बाई मूळच्या बेळगावच्या. लग्न होऊन गिरगावात आल्या, नंतर ठाण्यात. पन्नास वर्षं इकडे काढूनही चिडल्या की 'काय करालीस?' असं त्यांच्या तोंडून निघायचंच, आणि तंबोरा जुळवताना स्वतःशी काहीतरी कानडीत पुटपुटायच्या. लहानपणी आम्हाला वाटायचं, तो मंत्र आहे. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "मंत्र कुठला गं, आई तांदूळ निवडताना म्हणायची ते." मग परत कधी विचारलं नाही.

लोट्टेचा जन्म १८८८ चा, पेर्लेबेर्ग नावाच्या उत्तर जर्मनीतल्या लहानशा गावातला. वडील साधे सरकारी नोकर. पुढे कुटुंब बर्लिनला आलं. मुलीने सुरक्षित नोकरी धरावी, ही वडिलांची इच्छा आपल्याकडच्या कुठल्याही घरात शोभेल अशीच. बर्लिनमध्ये एका नावाजलेल्या गायनशाळेत ती शिकत होती, तिथून हिच्यात काही नाही म्हणून तिला काढून टाकलं. मग माथिल्डे मालिंगर नावाच्या वयस्कर गायिकेने तिला शिकवलं. ही मालिंगर म्हणजे १८६८ साली वाग्नरच्या 'माइस्टरसिंगर' या ऑपेरात पहिली एफा, म्हणजे नायिका, झालेली. वाग्नरच्या काळाशी तिचा असा थेट धागा जुळला. १९१० मध्ये हॅम्बुर्गच्या ऑपेरात मोझार्टच्या 'जादूई बासरी'तल्या तीन मुलांपैकी एक, इतक्या लहान कामापासून सुरुवात झाली. दोन वर्षांनी तरुण संचालक ओटो क्लेम्पररच्या हाताखाली वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'मधली एल्सा गायली आणि गावात नाव झालं. १९१६ मध्ये व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेरात. इथपर्यंतची चाल कुठल्याही मोठ्या गायिकेच्या चरित्रात सापडेल. मला त्यात रस आहे तो पुढच्या एका प्रसंगापुरता. रिचर्ड स्ट्राउसच्या 'आरियाडने' या ऑपेराची नवी आवृत्ती व्हिएन्नात बसवली जात होती. त्यात तरुण संगीतकाराची भूमिका त्या काळच्या एका ज्येष्ठ गायिकेकडे होती. ती एका तालमीला आली नाही. नुकत्याच आलेल्या लोट्टेला तिच्या जागी उभं केलं. स्ट्राउसने ऐकलं आणि ती भूमिका लोट्टेकडेच ठेवली. ४ ऑक्टोबर १९१६ च्या पहिल्या प्रयोगाने व्हिएन्ना तिची झाली. म्हणजे कुणाची तरी जागा रिकामी राहिली, तिने ती भरली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

ती भरताना तिला काय वाटलं असेल, हे मला विचारावंसं वाटतं.

तिच्या गाण्यातला दोष सगळ्यांना माहीत होता. दमसास कमी. लांब ओळ एका श्वासात पेलायची नाही, मध्येच श्वास घ्यायची, कधी अशा ठिकाणी की समीक्षक कपाळाला हात लावत. आपल्याकडे दमसासाला किती मान! लांब तान घेऊन समेवर आलेल्या गवयाला आपण मांडीवर थाप मारून दाद देतो. मी सुरुवातीला तिला ऐकलं तेव्हा मलाही ते खटकलं. १९३५ च्या जूनमध्ये ब्रूनो वॉल्टरच्या संचालनाखाली व्हिएन्नात ध्वनिमुद्रित केलेला वाग्नरच्या 'वाल्क्यूरे' या ऑपेराचा पहिला अंक ऐकला तेव्हा मात्र माझं मत बदललं. त्यातली नायिका सीगलिंदे आपली कहाणी सांगते आहे आणि मध्ये मध्ये हे श्वास. पण ते कमी पडलेले श्वास वाटतच नाहीत. भीती, धावपळ, अचानक उसळलेलं सुख, यांनी धाप लागलेली बाई आपल्या समोर उभी आहे, असं वाटतं. आमच्या बाई सांगायच्या, की श्वास लपवायचा नाही, श्वासाला गाण्यात जागा करून द्यायची. हे मी वर्गात शंभर वेळा ऐकलं होतं. कळलं त्या रेकॉर्डवर.

वॉल्टर तेव्हा व्हिएन्नात होता, कारण ज्यू म्हणून जर्मनीत त्याला दारं बंद झाली होती. लोट्टे ज्यू नव्हती. तिच्यावर कुणी बंदी घालायला आलं नव्हतं. उलट हिटलरचा मंत्री गोअरिंग याने तिला बोलावून घेतलं, भरपूर पगार आणि मानमरातब देऊ केला, अट एकच की जर्मनीबाहेर गायचं नाही, आणि आपण ते झिडकारलं, असं ती पुढे आयुष्यभर सांगत आली. अमेरिकेत ही गोष्ट फार आवडीने ऐकली गेली. इतिहासकारांनी नंतर जुने कागद आणि पत्रं तपासली तेव्हा दिसलं, की मामला इतका सरळ नव्हता. वाटाघाटी झाल्या होत्या, तिलाही त्यातून काही हवं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. तिचा, की कागद उकरणाऱ्यांचा. ज्या आवाजाने मला घाटात रडवलं तो आवाज स्वतःची गोष्ट थोडी उजळून सांगत होता, हे मला नको होतं. आता राग उरलेला नाही. परक्या देशात नवं घर करणाऱ्या माणसाला तिथल्या दारात उभं राहून सांगायला एक स्वच्छ, एकसंध गोष्ट लागते. तरीही कागद खरे आहेत आणि ते उघडले गेले हे बरंच झालं. ही दोन्ही मतं माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात.

तिचं लग्न ओटो क्राउझेशी झालेलं. त्याला आधीच्या लग्नाची चार मुलं होती आणि त्यांची आई ज्यू होती. १२ मार्च १९३८ ला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. व्हिएन्ना, जिथे बावीस वर्षांपूर्वी तिने दुसरीची जागा भरली होती, ती एका दिवसात या मुलांसाठी धोक्याची जागा झाली. आणि ४ मे ला ती लंडनमध्ये कोव्हेंट गार्डन ऑपेराच्या रंगमंचावर मार्शालिन म्हणून उभी होती.

मार्शालिन ज्यातली, तो स्ट्राउसचा ऑपेरा 'डेर रोझेनकाव्हलियर' ही व्हिएन्नाचीच कथा. मार्शालिन पहिल्या अंकात काळाबद्दल बोलते. कधी कधी मी मध्यरात्री उठते आणि घरातली सगळी घड्याळं बंद करते, असं सांगते. ओसरत्या तारुण्याची ही भूमिका. लोट्टेने ती लंडनमध्ये १९२४ पासून गायलेली, तिथल्या लोकांच्या डोळ्यांत ती म्हणजेच मार्शालिन. त्या रात्री पहिल्या अंकाच्या मध्येच ती थांबली. पुढे गाता येत नाही म्हणाली आणि रंगमंचावरून आत गेली. पडदा पडला. प्रेक्षकांत व्हिएन्नाचीच एक गायिका बसली होती, हिल्डे कोनेत्स्नी. तिला आत नेलं, वेश चढवला, आणि तिने उरलेला ऑपेरा गाऊन पूर्ण केला. १९१६ चा हिशेब बावीस वर्षांनी असा उलटा फिरला. प्रकृतीचं कारण दिलं गेलं. प्रकृतीही असेल. पण घड्याळं बंद करणारी बाई गाताना जिचं घर नकाशावरून नुकतंच पुसलं गेलं आहे, तिचा घसा कोणत्या शब्दापाशी आवळला असेल, याची कल्पना मला करवते आणि करवतही नाही.

या ऑपेराच्या शेवटी मार्शालिनला दोनच अक्षरं आहेत. आपला तरुण प्रियकर तिने एका कोवळ्या मुलीच्या स्वाधीन केला आहे, मुलीचा बाप कौतुकाने म्हणतो, की तरुण पोरं अशीच असतात, आणि ती म्हणते, 'या, या.' म्हणजे हो, हो. बस. सगळा ऑपेरा त्या दोन हुंकारांत येऊन बसतो, असं जाणकार म्हणतात. १९३३ मध्ये व्हिएन्नात याचं जे संक्षिप्त ध्वनिमुद्रण झालं, त्यात लोट्टे मार्शालिन आहे. ते आज नव्वद वर्षांनंतरही लोक शोधून ऐकतात. आणि त्यातला तो 'या, या' तिचा नाहीच. तिचं काम संपलं असं समजून ती स्टुडिओतून निघून गेली होती. कोवळ्या मुलीची भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ शूमानने, लोट्टेच्या हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनच्या सोबतिणीने, तिच्या आवाजाची ढब धरून ती दोन अक्षरं म्हटली. हे कळल्यावर मी ते दहा वेळा ऐकलं. फरक कळत नाही. मैत्रिणीने मैत्रिणीची जागा इतक्या हळुवार भरली, की शिवण दिसत नाही. पाच वर्षांनी दोघींनीही व्हिएन्ना सोडलं, दोघीही अमेरिकेला गेल्या. शूमान १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारली.

आता माझ्याकडे यायला हवं.

सात वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. भाड्याचा हॉल, आदल्या दिवशीच्या साखरपुड्याच्या झेंडूच्या माळा अजून खांबांना लटकलेल्या, पंख्यांचा आवाज मोठा म्हणून अर्धे बंद ठेवलेले. आम्ही शिष्या गाऊन झालो होतो आणि शेवटी बाई भैरवी गायला बसल्या होत्या. वय सत्तर. मी आणि आणखी एक मुलगी मागे तंबोऱ्यावर. नामदेवांचा अभंग. अंतरा घेऊन बाई मुखड्याकडे वळल्या आणि थांबल्या. तबला चालू होता. पेटीवाल्याने मुखड्याचे स्वर वाजवले, एक आवर्तन गेलं. बाईंची पाठ मला दिसत होती. निळं इरकल, मानेवर घामाने चिकटलेले पांढरे केस. दुसरं आवर्तन सुरू झालं आणि मी मुखडा उचलला. शब्द स्वच्छ टाकले, सम नेमकी धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी अर्धवट मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, नंतरही नाही. कार्यक्रम संपल्यावर जो तो येऊन सांगत होता, "छान सांभाळून घेतलंस हो." बाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या चार माणसांत कधी गायल्या नाहीत.

आपल्या पद्धतीत यात गैर काही नाही. उलट मागे बसलेल्या शिष्येचं ते कामच आहे. गुरूचा श्वास चुकला तर तिने स्वर धरायचा. वारीतल्या भजनात तर प्रश्नच येत नाही, पुढच्याने टाकलेली ओळ मागचे शंभर जण उचलतात, कुणाची ओळ कधी अर्धी राहत नाही. मी हे स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! पण मला हेही माहीत आहे, की दुसरं आवर्तन सुरू होताना माझ्या मनात बाई एकट्याच नव्हत्या. ती शांतता मला सोसत नव्हती. आणि अगदी तळाशी, सांगायला जड जातं, हॉल भरलेला होता आणि माझा आवाज त्या दिवशी लागलेला होता. हे दोन्ही खरं असेल तर त्या मुखड्यात बाईंसाठी कितीसा भाग उरतो, हे माप मला घाटातल्या त्या रेकॉर्डनंतर सुटेना. उलानोव्स्कीला ती चाल पाठ होती. उजव्या हाताला तालात पडणारे स्वरसंघ आणि डाव्या हाताला खर्जातली धून, असा तो पियानो आहे. वरच्या हाताने गायिकेचे राहिलेले स्वर घालणं त्याला काहीच कठीण नव्हतं. सभागृहातल्या कितीतरी जणांना ते शब्द येत असणार. कुणीही ते गायलं नाही.

१९३८ नंतरची तिची वर्षं मला जास्त जवळची वाटतात, जरी त्यांत पडदे आणि फुलं कमी आहेत. १९३९ मध्ये तिचा नवरा ओटो क्षयाने गेला. फ्रान्सिस होल्डन नावाची मानसशास्त्राची प्राध्यापिका तिच्या आयुष्यात आली, आपली नोकरी सोडून तिच्याबरोबर राहिली आणि शेवटपर्यंत राहिली. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला, समुद्राजवळ, दोघींनी घर केलं. १९४५ मध्ये लोट्टे अमेरिकेची नागरिक झाली. घराचं नाव ठेवलं 'ऑर्प्लिड'. मोरिके या कवीने आपल्या मित्राबरोबर कल्पनेत रचलेलं एक बेट आहे ते. हुगो वोल्फने त्या कवितेला चाल लावली, तू ऑर्प्लिड, माझा देश, दूरवर चमकणारा, अशी तिची सुरुवात. आपल्याकडे परदेशात घर घेतलेली माणसं घराला गावाचं नाव देतात, कुलदैवताचं देतात. मला अशा पाट्या पाहिल्या की भरून येतं. तिला मात्र पेर्लेबेर्गही देता आलं नाही आणि व्हिएन्नाही नाही. कधीच नसलेल्या देशाचं नाव तिने दिलं. तो देश तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं, म्हणून असेल.

त्या गावात १९४७ मध्ये उन्हाळी संगीत अकादमी सुरू झाली, ती उभी करणाऱ्यांत लोट्टे होती. पुढे तिथे तिने उघडे वर्ग घेतले, लोक तिकीट काढून ऐकायला येत. त्यांचं थोडं चित्रीकरण पाहायला मिळतं. विद्यार्थिनी गाते, लोट्टे थांबवते, उठते, आणि तीच ओळ करून दाखवते. आवाज आता उरलेला नाही, म्हणून खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखी. आणि काय सांगावं! चेहऱ्यावर, बोटांत, खांद्याच्या एका वळणात अख्खं गाणं उभं राहतं. शेजारची ताज्या आवाजाची मुलगी थक्क होऊन बघत राहते. तिच्याकडे शिकलेल्यांत ग्रेस बम्ब्री होती, सेंट लुइसची काळी मुलगी. स्पर्धा जिंकूनही तिच्या गावातल्या संगीतशाळेने वर्णावरून तिला इतरांबरोबर बसू दिलं नव्हतं. ती १९६१ मध्ये बायरॉइटला व्हीनस गायली, वाग्नरच्या त्या रंगमंचावर उभी राहिलेली पहिली काळी गायिका. गायनशाळेतून काढून टाकलेल्या, मग घरातून उठलेल्या बाईच्या हाताखालून हे व्हावं, याचा मला अतिशय आनंद वाटतो.

व्हिएन्नाचा ऑपेरा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला होता. १९५५ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा लोट्टेला मानाने बोलावलं, ती गेली, आणि परत कॅलिफोर्नियाला आली. २६ ऑगस्ट १९७६ ला सांता बार्बरातच तिने डोळे मिटले. पण तिला ठेवलं आहे व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत. दगडावर स्ट्राउसचे शब्द आहेत, ती गायली की तारेही हलले, अशा अर्थाचे. राहिली एका देशात, विसावली दुसऱ्यात. नातेवाइकांनी अस्थी गोदावरीत सोडायला पिशवीतून विमानाने आणलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

आमच्या बाई तीन वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या. एडिसनला. जाताना तंबोरा मला देऊन गेल्या. विमानात कसा न्यायचा म्हणाल्या, पण नेता आला असता. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ. मागच्या डिसेंबरात एकदा मी त्यांना ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. कशाचं आहे, पुढे काय होणार आहे, काही सांगितलं नाही. जर्मन भाषा आहे, आभाराचं गाणं आहे, एवढंच. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मांडीवर बोट हलत होतं. त्यांच्यामागच्या खिडकीत बर्फाची भुरभुर दिसत होती. संपलं. म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं.

"मुखडा एकदा येऊन गेलाय बघ तिचा," त्या म्हणाल्या. "थांबली त्याच्या आधी."

खरंच तसं आहे. ती ओळ दोनदा येते. हे गोड कले, मी तुझे आभार मानते. आणि लगेच पुन्हा, हे गोड कले, मी तुझे. पहिल्यांदा ते तिने पूर्ण म्हटलेलं आहे. मी इतक्या वेळा ऐकून माझं लक्ष फक्त राहिलेल्यावर. मग बाई म्हणाल्या, "पेटीवाला शहाणा आहे तिचा. तिच्या जागेत गेला नाही." आणि मला राहवेना. मी गुरुपौर्णिमेचं काढलं. सात वर्षांत पहिल्यांदा. माझं चुकलं का, असं विचारलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"तुझं कशाला चुकेल? शिष्येनं ओळ घ्यायचीच असते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला शब्द आठवेना झाला गं. स्वर होता. घसा होता. शब्दच नाही. बारा वर्षांची असताना शिकलेला अभंग. तू म्हटलास तेव्हा आठवला. मग भ्यायले."

मी काही बोलू शकले नाही. मी समजत होते ते दुःख, भरून येणं, अपमान, असलं काही तिथे नव्हतंच.

मग मी उठले. कोपऱ्यातला त्यांचा तंबोरा गवसणीतून काढला, फोन पुस्तकांना टेकवून उभा केला आणि जुळवला. हवा दमट, जव्हारी नीट लागेना, वेळ लागला. बाई तिकडून एकेका तारेला "अजून" म्हणत होत्या. लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि तोच अभंग सुरू केला. आवाज बारीक झालाय, वरचा षड्ज आता नुसता स्पर्शून येतो. अंतरा झाला, मुखड्याकडे वळल्या, आणि अर्ध्या ओळीवर थांबल्या. मी तारा छेडत राहिले. शब्द माझ्या जिभेवर होता. पडद्यावर बाईंचा चेहरा अगदी स्थिर, मागे बर्फ पडत होता म्हणून कळत होतं की चित्र अडकलेलं नाही.

"रेंज गेली काय गं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही बाई," मी म्हटलं. "आहे मी."